बॅटरीवरचा ट्रक घाट चढेल का? रेल्वेने आधीच दिलेलं उत्तर



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिस कसा लिहायचा ते पाहिलं. आज माझ्याच सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची गोष्ट सांगते. ते पहिलंच वाक्य होतं आणि मला ते फार आवडलं होतं: "विजेवर चालणारी वाहने येत्या काही वर्षांत डिझेल ट्रकची जागा घेतील."

आमच्या मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "कुठल्या ट्रकची? कुठे? 'जागा घेणं' म्हणजे काय?"

मला राग आला. मी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी वापरता वापरता कशी म्हातारी होते, यावर पीएच.डी. करते. बॅटरी दरवर्षी सुधारतेय हे मला माहीत आहे. मग एवढं साधं वाक्य का अडावं?

त्याच महिन्यात अंगारकी आली. टिटवाळ्यात त्या दिवशी गणपतीच्या रांगेमुळे रिक्षासुद्धा हलत नाही. पडघ्याचे माझे मामा दर्शन करून दुपारी घरी जेवायला आले. मामांचे दोन ट्रक आहेत. भिवंडीच्या गोदामातून माल उचलायचा, नाशिकला टाकायचा, मिळालं तर परतीचं भाडं घ्यायचं. एक ट्रक जुना झालाय, बदलायचाय. त्यांनी विचारलं, "अगं, तू बॅटरीवाली. बॅटरीचा ट्रक घेऊ का?"

मी छाती पुढे काढून म्हणाले, "घ्या ना मामा. पाच वर्षांत डिझेल बंदच होणार आहे."

मामा वरणभात कालवत म्हणाले, "होईल बंद. पण अठ्ठावीस टनांची गाडी भरून कसारा घाट चढेल का तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही. लक्षात घ्या, बॅटरीवर संशोधन करणाऱ्या मुलीला बॅटरीबद्दलच्या पहिल्या व्यवहारी प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आणि मामांच्या हातात कर्जाचे कागद होते. माझा अंदाज चुकला तर हप्ते त्यांना भरायचे होते, मला नाही.

आधी गणित

रात्री वही काढली. गणित बारावीचं आहे, तुम्हीही करून बघा. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतची चढण सुमारे ३०० मीटर आहे. १ टन वजन ३०० मीटर वर न्यायला साधारण ०.८२ युनिट वीज लागते. आपल्या घरच्या बिलावर असतं तेच युनिट. २८ टनांना २३ युनिट, मोटरमधला आणि बॅटरीतला अपव्यय धरून २६ युनिट.

एवढंच! माझा विश्वास बसेना. पुन्हा केलं, तेच आलं.

मग सपाटीचं गणित केलं. भरलेल्या ट्रकला टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण ६० च्या वेगाला किलोमीटरमागे १ युनिटच्या आसपास लागतं. भिवंडी ते नाशिक सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे १४० युनिट. शिवाय समुद्रसपाटीपासून नाशिकपर्यंतची एकूण ६०० मीटरची चढण, तिचे ५० युनिट. बेरीज साधारण १९०. त्यात ज्या घाटाची सगळ्यांना भीती वाटते त्याचा वाटा २६, म्हणजे सातवा-आठवा हिस्सा.

शिवाय इलेक्ट्रिक मोटरचा एक गुण असा, की चाक जेमतेम फिरत असतानाही ती पूर्ण जोर लावू शकते. डिझेल इंजिनाला त्यासाठी गिअर पाडावा लागतो. उतरताना तीच मोटर जनित्रासारखी चालते, गाडीला रोखते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते.

म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर "चढेल" असं होतं. पण हे उत्तर माझ्या वहीतच कशाला शोधायचं? आमच्या घरामागून जाणाऱ्या रुळांवर ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

कसारा घाटातली पहिली वीज

कसाऱ्याचा रेल्वेमार्ग म्हणजे थळ घाट. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने तो १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत सुरू केला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या मानाने हा फारच तीव्र चढ. वाफेच्या इंजिनाची इथे दमछाक व्हायची. चढताना कोळसा आणि पाणी भरमसाट लागायचं, बोगद्यात धूर कोंडायचा, उतरताना ब्रेकवर सगळा भार यायचा. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात, ती याच चढासाठी.

३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेची गाडी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली. मुंबईपासून सुरू झालेली ही तार घाट ओलांडून एका बाजूला पुण्याला आणि दुसऱ्या बाजूला इगतपुरीला पोचली १९२९-३० च्या सुमारास. घाटातल्या मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली ४१ इंजिनं आली. पुढेमागे लांब नाक असल्याने त्यांना 'क्रॉकोडाइल', म्हणजे मगर, म्हणत. घाट उतरताना वीज परत तारेत सोडण्याची सोय त्यांच्यात होती. आज आपण 'रीजनरेटिव्ह ब्रेकिंग' म्हणून गाडीच्या जाहिरातीत वाचतो, ते हेच.

आता इथे थांबा आणि नकाशा बघा. इगतपुरीला तार १९३० च्या सुमारास आली. त्यापुढे मनमाड-भुसावळ हा तुलनेने सोपा मार्ग. तिथे तार कधी गेली? १९६० च्या दशकाच्या अखेरीस. घाटात वीज आधी आली आणि सपाटीवर जवळपास चार दशकांनी.

मी सरळ उलटं गृहीत धरलं होतं. मामांनीही. आपल्याला वाटतं, नवं यंत्र आधी सोपं काम करतं आणि मग अवघड. पण जुनं यंत्र जिथे सगळ्यात जास्त त्रास देत होतं आणि जिथे गाड्यांची इतकी गर्दी होती की तारांचा खर्च वसूल व्हावा, तिथे नवं यंत्र आधी आलं. मुंबईची लोकल आणि घाट, या दोन्ही जागा तशाच होत्या.

ठाकुर्लीचा धूर

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, वीज जिंकली, मॅडम हरल्या. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढे वाचत गेले तशी मी हळूहळू मॅडमच्या बाजूला सरकले.

त्या मगरींच्या पोटात बॅटरी नव्हती. वीज बाहेरून, डोक्यावरच्या तारेतून यायची. ती तार कोणीतरी टाकली होती, उपकेंद्रं कोणीतरी बांधली होती. आणि कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचं वीजघर उभारलं, चोळे पॉवर हाऊस. ते कोळशावर चालायचं. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या लोकांना त्याची धुराडी अजून आठवतात.

म्हणजे घाटातून वाफ गेली, पण पुरती गेली नाही. इंजिनातला बॉयलर काढून ठाकुर्लीत बसवला, असंच म्हणा ना. एका मोठ्या बॉयलरमधून कोळशाचा उपयोग जास्त चांगला होतो, म्हणून फायदा खरा होता. पण "विजेने कोळशाची जागा घेतली" हे वाक्य खोटं ठरतं. आजही देशातली बहुतांश वीज कोळशातून येते, त्यामुळे हा प्रश्न विजेच्या ट्रकलाही लागू आहे. ट्रकच्या मागचा धूर जाईल, भिवंडीच्या नाक्यावरची हवा सुधारेल आणि ते लहान काम नाही. पण कुठला धूर गेला आणि कुठला सरकला, हे वेगवेगळं मोजावं लागेल.

दुसरी गोष्ट काळाची. १९२५ ला वीज आली, म्हणून वाफ संपली का? चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेची इंजिनं बनायला स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये सुरुवात झाली आणि शेवटचं इंजिन १९७२ मध्ये बाहेर पडलं. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा १९९५ पर्यंत चालली. मधल्या काळात डिझेल आलं. वीज, वाफ आणि डिझेल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच देशात, कधी एकाच स्टेशनात उभ्या होत्या. 'जागा घेणं' ही घटना नव्हती, सत्तर वर्षांची वाटणी होती.

तिसरी गोष्ट आमच्या टिटवाळ्याची. मुंबईच्या रेल्वेने १९२५ मध्ये १५०० व्होल्ट डीसी पद्धत निवडली. त्या काळी ती योग्यच होती. पुढे १९५० च्या दशकात भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसी स्वीकारलं आणि मुंबई डीसीत अडकून पडली. इगतपुरीला इंजिन बदलायचं, मग पुढे जायचं. २००६ मध्ये कसारा ते टिटवाळा पट्टा एसी झाला आणि पुढची काही वर्षं डीसी-एसीची हद्द आमच्या गावाजवळ होती. शाळेत असताना कसारा लोकलमध्ये टिटवाळ्याच्या आसपास पंखे आणि दिवे क्षणभर बंद पडायचे, तेव्हा आम्ही पोरं ओरडायचो. ते का बंद पडतात हे मला एम.एस्सी.ला कळलं. मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी मार्गावरचा शेवटचा डीसी तुकडा २०१६ मध्ये गेला. १९२५ चा एक निर्णय नव्वद वर्षं पुरला! आज ट्रकच्या चार्जिंगचा प्लग, व्होल्टेज आणि बॅटरी बदलण्याची पद्धत यांवर जे निर्णय होतायत, त्यांच्याकडे या नजरेने बघा.

आणि उलटी उदाहरणं

संशोधनात आपल्या बाजूचीच उदाहरणं गोळा करायची नाहीत, हे मॅडमचं दुसरं वाक्य. म्हणून उलटी शोधली, आणि ती लांब जावं न लागता सापडली.

मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९६४ मध्ये बंद पडली. विजेच्या तारेवरची ट्रॉलीबस १९६२ मध्ये आली आणि १९७१ मध्ये गेली. त्या मार्गांवर मुख्यतः डिझेलच्या बस धावू लागल्या. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर विजेची जागा डिझेलने घेतली, ते रेल्वेत उलटं घडत असतानाच. बसला तार लागत नाही, रूळ लागत नाही, रस्ता खोदला तर शेजारच्या गल्लीतून जाते.

बॅटरीच्या ट्रकचंही जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने १९१० च्या दशकात ट्रकवाल्यांसाठी एक सेवा सुरू केली. ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा, बॅटरी कंपनीची. उतरली की भरलेली बसवून द्यायची आणि पैसे महिन्याच्या आकारासोबत मैलांवर घ्यायचे. त्या गाड्यांनी मिळून साठ लाखांहून जास्त मैल काटले. ही सेवा १९२४ मध्ये बंद झाली. शंभर वर्षांपूर्वी हे चालत होतं. पण शहरात, ठरलेल्या फेऱ्यांवर, आणि ट्रक रात्री ठरलेल्या जागी परत येत होता तोपर्यंत. गावाबाहेरच्या रस्त्यावर पेट्रोलचा डबा कुठेही मिळायचा, भरलेली बॅटरी नाही.

म्हणजे "विजेचा ट्रक येणारच नाही" असं छातीठोक म्हणणाराही चुकतो आणि "येणारच" म्हणणारी मीही चुकते.

मामांचा खरा प्रश्न

पुढच्या खेपेला मी पडघ्याला गेले आणि मामांना वही दाखवली. "घाट चढेल," मी म्हणाले.

मामांनी वही बघितली आणि म्हणाले, "बरं. आता चार्ज कुठे करू?"

मग त्यांनी एकेक प्रश्न काढला. नाशिकला जाऊन-येऊन, हाताशी थोडी शिल्लक धरून, ४०० युनिटची बॅटरी लागते. तिचं वजन अडीच टनांच्या आसपास. डिझेलचं इंजिन आणि टाकी काढल्याचं वजा केलं तरी मालाचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरावं लागणार. मामांना भाडं टनावर मिळतं. जास्त भरायचं तर बॅटरी लहान घ्यायची, पण मग नाशिकला चार्जिंग हवं. गोदामाबाहेर ट्रक चार-चार तास उभा असतो, तेव्हा भरून झालं असतं. पण ती जागा गोदामवाल्याची, तो चार्जर का बसवेल? बसवला समजा. ५० ट्रक एकाच वेळी १२० किलोवॅटने चार्ज झाले तर ६ मेगावॅट लागतात. तेवढं रोहित्र गल्लीत कोण आणून देणार?

आणि शेवटचा प्रश्न: "मी कधी नवा ट्रक घेतलाय का? सेकंडहँडच घेतो. बॅटरीचा सेकंडहँड ट्रक कुठल्या बाजारात मिळतो?"

हा प्रश्न थेट माझ्या विषयातला होता. पाच वर्षं घाटात चाललेली बॅटरी किती उरली, हे विकत घेणाऱ्याला कसं कळणार? डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून मिस्त्री सांगतो. बॅटरीचा आवाज येत नाही. केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत प्रोत्साहन आहे, उद्दिष्ट साधारण ५,६०० ट्रकांचं. पण ते नव्या ट्रकला, आणि जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र दाखवून. मामांसारख्यांचा हिशेब त्या चौकटीत बसत नाही.

आता रेल्वेची आणि मामांची तुलना करा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. १९२५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कारभार सरकारने हातात घेतला. रूळ, इंजिन, तार, वीजघर, वेळापत्रक, सगळं एकाच मालकाचं. खर्च ठाकुर्लीत झाला आणि फायदा घाटात मिळाला, तरी दोन्ही एकाच वहीत. मामांच्या बाबतीत ट्रक मामांचा, रस्ता सरकारचा, वीज महावितरणची, उभं राहायची जागा गोदामवाल्याची, माल तिसऱ्याचा आणि कर्ज बँकेचं. सगळ्यांना मिळून फायदा असेलही, पण तो गोळा करायला वही नाही.

म्हणून माझं आजचं मत असं: डिझेल ट्रक जाणार की नाही हे इंजिनावर ठरणार नाही, कोण कोणाच्या वहीत आहे त्यावर ठरेल. जिथे एकाच मालकाकडे ट्रक, डेपो आणि ठरलेली फेरी आहे, उदाहरणार्थ बंदर ते गोदाम, सिमेंटचा कारखाना ते स्टेशन, महापालिकेच्या कचरागाड्या, तिथे वीज लवकर येईल. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यातला जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा कसाऱ्याचा जुना घाट टाळतो. तिथे चार्जिंगची सोय ट्रकवाल्यांना धरून झाली तर चित्र बदलेल. पण आज सेकंडहँड गाडी घेणारा दोन ट्रकचा मालक सगळ्यात शेवटी बदलेल, आणि तो अडाणी आहे म्हणून नाही.

तुमच्यासाठी

मामांनी डिझेलचाच ट्रक घेतला, सेकंडहँड. मला ते चूक म्हणता येत नाही. भिवंडी-कल्याण-टिटवाळा या रोजच्या छोट्या फेरीसाठी मात्र विजेचा लहान टेम्पो बघतायत, कारण तो रात्री अंगणात येऊन उभा राहतो. मीटरचा लोड वाढवायचा अर्ज भरायला मला बोलावलंय.

माझं सिनॉप्सिसचं वाक्य आता असं आहे: "भिवंडी-नाशिक मार्गावरील मध्यम मालवाहू ट्रकमध्ये घाटातील चढ-उताराचा लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीच्या आयुष्यावर काय परिणाम होतो आणि वापरलेल्या बॅटरीची उरलेली क्षमता विक्रीच्या वेळी कशी मोजता येईल?" लांब आहे, कंटाळवाणं आहे. पण त्याचं उत्तर शोधता येतं आणि ते मामांच्या कामाचं आहे. मॅडमनी या वेळी फक्त एक स्वल्पविराम घातला.

पेट दिली असेल, इंटरव्ह्यूची तयारी चालू असेल, तर आज एवढंच करा. आपल्या प्रस्तावातलं सगळ्यात ठाम वाक्य काढा. त्याला विचारा: कुठे? कोणासाठी? किती वर्षांत? आणि आधी कधी असं झालं होतं का, तेव्हा काय घडलं? मग ते वाक्य अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याचे पैसे त्या उत्तरावर लागलेत. तो जो प्रश्न विचारेल, तो वहीत लिहून घ्या. माझ्या बाबतीत दुसरं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

भेटू पुढच्या लेखात.